मन कोण वळवतं? अमेरिकेतल्या ‘ब्रेनवॉशिंग’च्या पाऊणशे वर्षांचा आढावा

१९५३ सालच्या सप्टेंबरात कोरियातल्या पानमुनजॉमजवळ, दोन सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात भारतीय जवानांची छावणी उभी राहिली. ‘हिंद नगर’ हे तिचं नाव. छावणीचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. युद्ध थांबलं तरी मायदेशी परत जायला नकार देणारे दोन्ही बाजूंचे कैदी त्यांच्या ताब्यात होते. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन, आणि दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेच्या वर. या साडेतीनशेंत २३ अमेरिकन होते. करारात ठरलं होतं की प्रत्येक देशाने नव्वद दिवसांत आपली माणसं पाठवून आपल्या कैद्यांची समजूत घालावी. घरी चला, तुम्हाला कुणी काही करणार नाही, असं सांगावं आणि मग कैद्याने आपल्या मनाने ठरवावं.

‘आपल्या मनाने’ ही अट कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात कैद्यांच्या आवारांत त्यांचेच पुढारी तयार झाले होते. परत जायला अमुक एक जण राजी आहे अशी कुणकुण लागली की त्याला धाकदपटशा, मारहाण, प्रसंगी जिवावरही बेतायचं. जनरल थिमय्या अध्यक्ष असलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाने हा दहशतीचा प्रकार आपल्या अहवालात नोंदवला. समजूत घालण्याचं काम नव्वदपैकी मोजकेच दिवस होऊ शकलं. साम्यवादाकडे पाठ फिरवणारे हजारो कैदी अमेरिकेला स्वातंत्र्याचा विजय वाटत होते, पण त्यांची निवड कितपत मोकळी होती हे पहारा देणाऱ्या भारतीयांना जवळून दिसत होतं.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचं लक्ष मात्र त्या २३ जणांवर खिळलं होतं. त्यांतले दोघे मन बदलून परतले. लष्करी न्यायालयाने त्या दोघांनाही तुरुंगात पाठवलं. उरलेले २१ चीनमध्ये गेले. आपला मुलगा, आपला शेजारी, अमेरिकेत वाढलेला माणूस, आपणहून माओच्या देशात राहायला जातो, ही गोष्ट त्या देशाच्या गळी उतरेना. त्यावर एक उत्तर तयार होतं. एडवर्ड हंटर या पत्रकाराने १९५०च्या सप्टेंबरात मायामीच्या वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखातून ‘ब्रेनवॉशिंग’ ही कल्पना अमेरिकन वाचकांपुढे ठेवली होती आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक काढलं होतं. साम्यवाद्यांना माणसाचं मन पुसून त्यावर हवं ते लिहिण्याची विद्या सापडली आहे, असा त्याचा दावा होता. नौदलाच्या मरीन दलातला कर्नल फ्रँक श्वेबल याने कैदेत असताना अमेरिकेने जंतुयुद्ध केल्याची खोटी कबुली दिली, तेव्हा त्या दाव्याला पुरावाच मिळाल्यासारखं झालं.

तेव्हापासून आजवर ही कल्पना अमेरिकेत ठाण मांडून आहे. न्यायालयांत, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत, धर्मपंथांवरच्या भांडणांत आणि आता समाजमाध्यमांवरच्या वादांत ती पुन्हा पुन्हा पुढे येते. या पाऊणशे वर्षांत जमलेला पुरावा वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. मन पुसून नवं लिहिणारी विद्या कुणालाही सापडलेली नाही. सापडल्या आहेत त्या जुन्या, साध्या आणि म्हणूनच जास्त भयंकर गोष्टी. ‘ब्रेनवॉशिंग’ म्हणून मोकळं झालं की दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. हा माणूस तिथे काय शोधायला गेला होता? आणि परत यावंसं वाटलं तर त्याच्यासाठी बाहेर कोण उरलं होतं?

त्या २१ जणांतल्या क्लॅरेन्स ॲडम्सचंच बघा. तो टेनेसीतल्या मेम्फिसचा कृष्णवर्णीय तरुण. बसमध्ये मागे बसायचं, गोऱ्यांच्या शाळेत जायचं नाही, या कायद्यांखाली तो वाढला होता. चीनला जायचं का ठरवलं, याचं त्याने पुढे दिलेलं कारण सरळ होतं. मायदेशात मिळणारी वागणूक त्याला पुन्हा नको होती. चीनमध्ये तो विद्यापीठात शिकला, भाषांतरकार झाला, तिथेच लग्न केलं आणि १९६६ साली बायकोमुलांसह अमेरिकेला परतला. परतल्यावर त्याला काँग्रेसच्या चौकशी समितीने बोलावलं. नंतर त्याने मेम्फिसमध्ये चिनी खाण्याचं हॉटेल काढलं. चिनी प्रचाराचा त्याच्यावर परिणाम झाला नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रचाराला पकडायला जागा मिळाली ती मेम्फिसने करून ठेवलेली होती, आणि त्या काळच्या अमेरिकेला हे ऐकून घेण्यापेक्षा चिनी जादूवर विश्वास ठेवणं सोयीचं गेलं.

अभ्यासकांनी मात्र लवकरच त्या जादूचा माग घेतला. रॉबर्ट जे लिफ्टन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ १९५४-५५मध्ये हाँगकाँगला राहिले. चीनच्या तुरुंगांतून आणि ‘विचार सुधारणे’च्या शाळांतून बाहेर आलेल्या २५ पाश्चात्त्यांशी आणि १५ चिन्यांशी त्यांनी सविस्तर बोलून घेतलं. त्यांचं पुस्तक १९६१ साली आलं. त्याच वर्षी एडगर शाईन यांचंही अमेरिकन कैद्यांवरचं काम प्रसिद्ध झालं. हवाई दलासाठी काम करणारे समाजशास्त्रज्ञ आल्बर्ट बिडरमन यांनी तर कबुल्या कशा मिळवल्या याचा तक्ताच मांडला होता. एकटं ठेवणं, झोपू न देणं, उपाशी ठेवणं, धमक्या देणं, मध्येच एखादी मेहरबानी करणं, क्षुल्लक हुकूम पाळायला लावणं, अपमान करणं. या यादीत एकही नवी गोष्ट नव्हती. जगातल्या कोणत्याही जुलमी कोतवालाला ती ओळखीची वाटली असती. कोरियात सात हजारांवर अमेरिकन सैनिक कैद झाले आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक कैदेतच मेले. अशा अवस्थेत माणसं सांगेल ते बोलत होती, लिहून देत होती. त्यांच्या श्रद्धा बदलल्याचं मात्र फारच थोड्यांत आढळलं, आणि सुटका झाल्यावर बहुतेकांच्या अंगावरून तो रंग उतरून गेला.

लिफ्टन यांनी सांगितलेल्या आठ लक्षणांपैकी मला सर्वांत मोलाची वाटतात ती तीन. माणसापर्यंत काय पोहोचावं यावर ताबा मिळवणं. कबुलीजबाबांचं सतत चाललेलं चक्र, ज्यात स्वतःचं काही झाकलेलं उरतच नाही. आणि ठरीव शब्द, जे उच्चारले की विचार तिथेच थांबतो. या तीन गोष्टींना तुरुंग लागत नाही. एखादं सभागृह किंवा हातातला फोनही पुरतो.

सरकारने मात्र या संशोधनाची वाट न पाहता आधीच भलती वाट धरली होती. १० एप्रिल १९५३ रोजी सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी एका भाषणात शत्रूने ‘मेंदूचं युद्ध’ सुरू केल्याचा इशारा दिला, आणि तीनच दिवसांनी ‘एमके-अल्ट्रा’ या गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली. शत्रूकडे ती विद्या आहे, तर आपल्याकडेही हवी. सिडनी गॉटलीब या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली १४९ उपप्रकल्प चालले. रुग्णालयांत, तुरुंगांत आणि खास भाड्याने घेतलेल्या घरांत माणसांना न सांगता एलएसडी देण्यात आलं. लष्करी शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना ते न सांगता पाजल्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये डॉ. युएन कॅमेरॉन रुग्णांना आठवडेच्या आठवडे औषधांनी झोपवत, विजेचे जबर झटके देत आणि ध्वनिफितीवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवत. त्यांना काही वर्षं सीआयएचा पैसा मिळत होता. उपचारासाठी आलेल्या त्या माणसांच्या आठवणी गेल्या, काही जण आपली मुलं ओळखेनासे झाले. पण नवं मन काही त्यांच्यात घालता आलं नाही. पुसता आलं, लिहिता आलं नाही. १९७३ साली प्रकल्पाची कागदपत्रं नष्ट केली गेली. चुकून उरलेल्या सुमारे वीस हजार पानांवरून १९७७मध्ये सिनेटपुढे हे सगळं बाहेर आलं. १९८८ साली नऊ कॅनेडियन रुग्णांना मिळून साडेसात लाख डॉलरची भरपाई मिळाली. आणि २००२ साली बिडरमनचा तो तक्ता, खोट्या कबुल्या कशा मिळतात हे दाखवणारा तक्ता, ग्वांटानामोच्या तुरुंगात चौकशी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरला गेला. हे वाचताना मला संताप येतो आणि तो लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

*

तुरुंगाबाहेर, रोजच्या जगण्यात माणूस दुसऱ्याचं का मानतो, याचाही शोध याच काळात सुरू झाला. सॉलोमन ॲश यांचा १९५१चा रेघांचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच. तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी, हे डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना भोवतालचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. तेव्हा प्रयोगातल्या माणसांची एक तृतीयांशाच्या आसपास उत्तरं गटासारखी चुकली. हा भाग सांगितला जातो. पण साधारण चौथा हिस्सा माणसं एकदाही बधली नाहीत, आणि गटात खरं सांगणारा फक्त एक साथीदार ठेवला की चुका पूर्वीच्या पावपटीवर आल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. स्टॅनली मिलग्रम यांच्या येलमधल्या विजेच्या झटक्यांच्या प्रयोगाचंही तसंच. चाळीसपैकी २६ जण अखेरच्या कळीपर्यंत गेले, ही संख्या जगभर गाजली. त्याच प्रयोगाच्या एका प्रकारात बरोबरच्या दोघांनी ‘आम्ही करणार नाही’ म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे चाळीसपैकी चारच उरले.

हा एका साथीदाराचा मुद्दा मनात ठेवून जोन्सटाउनकडे पाहिलं पाहिजे. जिम जोन्सचा ‘पीपल्स टेंपल’ १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये सुरू झाला. काळे-गोरे एकत्र बसतील अशी प्रार्थनास्थळं तिथे विरळा होती. कॅलिफोर्नियात आल्यावर या मंडळाने म्हाताऱ्यांसाठी घरं चालवली, व्यसनाधीन मुलांना आधार दिला. आलेल्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, आणि त्यांत वृद्ध स्त्रिया पुष्कळ. त्यांना तिथे मान मिळाला, सोबत मिळाली. लोक वेडे होते म्हणून गेले नाहीत. बाहेर न मिळालेलं काहीतरी आत मिळत होतं. मग हळूहळू पेन्शनचे धनादेश मंडळाच्या नावावर गेले, घरं विकली गेली, सभांमध्ये सर्वांसमोर अपराध कबूल करणं सुरू झालं, खोट्या गुन्ह्यांचे कबुलीजबाब लिहून घेतले गेले. गयानाच्या जंगलात नेल्यावर पासपोर्ट काढून घेतले, पत्रं तपासली जाऊ लागली, ध्वनिक्षेपकावर जोन्सचा आवाज सतत चालू राहिला, आणि सामूहिक मृत्यूच्या रंगीत तालमी झाल्या. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी पाहणीला आलेले काँग्रेस सदस्य लिओ रायन यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्या संध्याकाळी सायनाइड मिसळलेलं सरबत वाटलं गेलं. त्या दिवशी एकूण ९१८ माणसं मेली, त्यांत तीनशेहून अधिक मुलं होती. मुलांना आधी पाजलं. सभोवती बंदूकधारी होते.

त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत उरली आहे. तीत क्रिस्टीन मिलर नावाची एक स्त्री उभी राहून विरोध करते. मुलांना जगायचा हक्क आहे, दुसरा काहीतरी मार्ग असेल, असं ती जोन्सला तोंडावर सांगते. जमाव तिला गप्प करतो. तिच्या बाजूने दुसरा आवाज उठत नाही. आज अमेरिकेत एखाद्याला आंधळा अनुयायी म्हणायचं असेल तर त्या सरबताचा उल्लेख होतो. मला ते सहन होत नाही. ज्या ठिकाणी जीव वाचवायला निघालेली एक स्त्री एकटी बोलत होती आणि शेकडो मुलांना काही निवडायचा प्रश्नच नव्हता, त्या ठिकाणाचं नाव घेऊन शिवी तयार व्हावी हे क्रूर आहे.

जोन्सटाउनच्या आधीच पॅटी हर्स्टच्या खटल्याने हा प्रश्न न्यायालयात आणला होता. वर्तमानपत्रांच्या साम्राज्याची १९ वर्षांची वारस फेब्रुवारी १९७४मध्ये बर्कलीतून पळवली गेली, आठवडेच्या आठवडे कपाटात कोंडली गेली आणि एप्रिलमध्ये तिच्याच अपहरणकर्त्यांबरोबर बंदूक घेऊन बँक लुटताना दिसली. लिफ्टन यांच्यासारखे तज्ज्ञ तिच्या बाजूने साक्षीला आले. ज्यूरीने ते मानलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती कमी केली आणि २००१मध्ये क्लिंटन यांनी माफी दिली. तिच्या मनात नेमकं काय झालं होतं, हे ज्यूरीलाही सिद्ध करता आलं नाही आणि तज्ज्ञांनाही.

जोन्सटाउननंतर आईवडिलांच्या भीतीला पारावार राहिला नाही. मुलगा विद्यापीठात गेला आणि युनिफिकेशन चर्च या पंथाच्या मंडळात राहू लागला, मुलगी भगवी साडी नेसून विमानतळावर हरे कृष्ण म्हणू लागली. त्यांना परत आणायला टेड पॅट्रिकसारखी माणसं पैसे घेऊन मुलांना पळवून नेत, खोलीत कोंडून दिवसेंदिवस त्यांच्याशी वाद घालत. याला ते ‘डीप्रोग्रॅमिंग’ म्हणत. एकांत, थकवा, सततचा भडिमार. बिडरमनचा तक्ता पुन्हा उघडला होता, फक्त या वेळी प्रेमापोटी. पॅट्रिकला तुरुंगवास झाला. १९९५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका तरुणाच्या खटल्यात पंथविरोधी चळवळीच्या मुख्य संस्थेला एवढा दंड झाला की तिचं दिवाळं निघालं, आणि तिचं नाव सायंटॉलॉजीपंथीय वकिलाने लिलावात विकत घेतलं.

दरम्यान आकडे वेगळंच सांगत होते. मनोविकारतज्ज्ञ मार्क गॅलँटर यांनी १९८० साली युनिफिकेशन चर्चच्या अमेरिकेतल्या शिबिरांना आलेल्या शंभरेक पाहुण्यांचा पाठपुरावा केला. शेवटी सभासद झाले ते नऊ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनमध्ये आयलीन बार्कर यांनाही साधारण तसंच आढळलं, आणि आत गेलेल्यांतलेही बरेच एकदोन वर्षांत आपणहून बाहेर पडत होते. कुणी पळवून न नेता. यावरून अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत मोठा वाद झाला. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांच्या गटाचा पंथांवरचा अहवाल संघटनेने १९८७ साली शास्त्रीय कसोटीवर अपुरा म्हणून नाकारला. १९९०मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने त्यांची या विषयावरची साक्ष घ्यायला नकार दिला. १९८८ साली त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक व्यवहार्य वाट दाखवली होती. आपण कोण आहोत हे लपवून एखादा पंथ माणसं गोळा करत असेल तर ती फसवणूक आहे, आणि फसवणुकीचा दावा चालू शकतो. मन धुतलं की नाही हे कोर्टाला ठरवता येत नाही, पण खोटं बोलून आत ओढलं की नाही हे ठरवता येतं. २०१९ साली ‘नेक्सियम’ या ऑल्बनीच्या पंथाच्या कीथ रॅनियरीला दोषी ठरवताना सरकारी वकिलांनी हेच केलं. संघटित गुन्हेगारी, वेठबिगारी, लैंगिक तस्करी हे आरोप लावले. त्याला १२० वर्षांची शिक्षा झाली.

*

महाराष्ट्राला या कहाणीत आपला एक तुकडा आहेच. पुण्याच्या कोरेगाव पार्कात १९७४ साली स्थिरावलेला रजनीश आश्रम १९८१मध्ये ओरेगॉनला गेला. वॉस्को परगण्यातली ६४,००० एकरांची ओसाड जमीन घेऊन त्यांनी रजनीशपुरम् वसवलं. भगवे-लाल कपडे, गळ्यात माळ, नवं नाव. शेजारच्या अँटिलोप गावच्या पेन्शनरांना ही माणसं ब्रेनवॉश झालेली वाटत. पण ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा तिथले बहुसंख्य पदवीधर निघाले. वकील, डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, वास्तुविशारद अशी ती माणसं होती. शिकलेला माणूस नादी लागत नाही, हा आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा समज रजनीशपुरम्‌ने खोटा ठरवला आहे. शिकलेल्याला आपल्या निवडीची कारणं जास्त चांगली सांगता येतात, एवढाच फरक.

१९८४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात द डॅलेस शहरातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडच्या मांडणीत साल्मोनेला जंतू मिसळले गेले. मतदानाच्या दिवशी स्थानिक लोक आजारी पडावेत आणि परगण्याची सत्ता आपल्या हाती यावी, या बेताची ती चाचणी होती. ७५१ लोक आजारी पडले. त्याच निवडणुकीसाठी देशभरातून बेघर माणसं बसमध्ये भरून आणली होती. रजनीशांची सचिव मा आनंद शीला आणि तिच्याभोवतीच्या लहान गटाने हे केलं. तोच गट आपल्याच लोकांचे फोन चोरून ऐकत होता. बाकी हजारो संन्याशांना याचा पत्ता नव्हता. १९८५मध्ये सगळं उघड झालं, रजनीशांना देश सोडावा लागला आणि काही महिन्यांत ते शहर रिकामं झालं. माणसं आपापल्या गावी गेली, नोकरीला लागली, काही पुन्हा पुण्यात आली. कुणालाही त्यांची मनं परत धुवावी लागली नाहीत. त्यांतले अनेक जण आजही त्या दिवसांतल्या एकत्र राबण्याबद्दल प्रेमाने बोलतात आणि गुन्ह्यांबद्दल शरमेने. दोन्ही खरं आहे. प्रेमाचा भाग खोटा ठरवून त्यांना काही समजावता येत नाही.

आजच्या अमेरिकेतल्या मराठी माणसाला आश्रमापेक्षा वेगळीच मंडळी भेटते. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर किंवा कुठल्याही मोठ्या दुकानात भाजी घेताना एक हसतमुख जोडपं विचारतं, “मराठी का? कुठे काम करता?” ओळख होते, फोन नंबर दिला जातो. पुढच्या आठवड्यात कॉफी. धंद्याचं नाव अजून निघालेलं नसतं. निघतो तो प्रश्न, आयुष्यभर दुसऱ्याचीच नोकरी करणार का? मग एक पुस्तक, काही ध्वनिफिती, एका हॉटेलातली सभा. व्हिसाची चिंता, ग्रीन कार्डाची लांबलेली रांग, आईवडील दूर, शनिवारी घरी येणारं कुणी नाही, अशा माणसाला ती सभा पहिल्यांदा आपली वाटते. शंका काढणाऱ्या भावाला ‘निगेटिव्ह’ म्हणायला तिथेच शिकवतात. त्या एका शब्दाने बाहेरचा आवाज बंद होतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४मध्ये अशा ७० साखळी विक्री कंपन्यांची उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सभासदांची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी होती. त्यातून खर्च वजा जायचा तो वेगळाच. आपल्या माणसांची या सभांमधली गर्दी बघून मला त्या लोकांचा राग येत नाही. आपल्या मंडळांनी गणपती आणि दिवाळीपलीकडे नव्या आलेल्या घरांची विचारपूस किती केली, हा प्रश्न पडतो.

जाहिरात आणि राजकारणाबद्दल थोडक्यात. तिथे भीती नेहमी चुकीच्या ठिकाणी गेली. १९५७ साली जेम्स व्हिकरी या बाजारतज्ज्ञाने सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे संदेश झळकवून पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचा दावा केला आणि देश हादरला. पाच वर्षांनी त्यानेच तो प्रकार बनाव असल्याचं कबूल केलं. खरं काम उघड चाललं होतं. ४ जानेवारी १९५४ रोजी सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन देऊन धूम्रपान आणि कॅन्सर यांच्या संबंधाबद्दल शंका पेरली, आणि ती शंका कित्येक दशकं जोपासली. लोकांना काही पटवायची गरजच नव्हती, अनिश्चितता पुरेशी होती. १९७७च्या एका प्रयोगात असं दिसलं की तेच वाक्य पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटतं. पुढे हा परिणाम खरं काय ते ठाऊक असलेल्यांवरही होतो असं आढळलं. उलट निवडणुकीत दारोदार जाऊन किंवा पत्रकं पाठवून ऐन वेळी मतं फिरवता येतात, ही समजूत ४९ प्रत्यक्ष प्रयोगांच्या २०१८च्या आढाव्यात जवळजवळ शून्यावर आली. पक्कं मत एका भेटीत बदलत नाही. वर्षानुवर्षं कानावर पडणाऱ्या गोष्टीने बदलतं.

म्हणूनच क्यूॲनॉन ही कटाच्या सिद्धांतांची चळवळ वेगळी वाटते. ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झालेल्या त्या निनावी संदेशांत कुणी काही पटवतच नव्हतं. कोडी टाकली जात होती आणि लोक ती स्वतः सोडवत होते. स्वतः शोधून काढलेली गोष्ट माणूस सहजी सोडत नाही. ६ जानेवारी २०२१च्या संसदेवरच्या हल्ल्यात त्यांतले कित्येक होते. त्यांच्या घरच्यांनी तोवर बोलणं सोडून दिलं होतं, किंवा बोलणं म्हणजे फक्त भांडण उरलं होतं.

बाहेर पडलेल्यांच्या कहाण्या एकमेकींसारख्या आहेत. कॅन्ससमधल्या टोपीकाच्या वेस्टबरो चर्चमध्ये जन्मलेली मेगन फेल्प्स-रोपर लहानपणापासून द्वेषाचे फलक धरून उभी राहायची, पुढे सैनिकांच्या अंत्ययात्रांबाहेरही. ट्विटरवर तिच्याशी हुज्जत घालणाऱ्यांपैकी डेव्हिड अबिटबोल हा ज्यू लेखक चिडेनासा झाला, प्रश्न विचारू लागला, तिच्या चर्चच्या शिकवणुकीतलीच विसंगती तिला दाखवू लागला. नोव्हेंबर २०१२मध्ये ती बहिणीबरोबर बाहेर पडली. घर, आईवडील, सगळं मागे सोडून. पोचायला काही ठिकाण होतं, कारण बाहेरच्या काही माणसांनी तिच्याशी माणसासारखं वागणं आधीच सुरू केलं होतं.

२०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठल्या ना कुठल्या कटाच्या सिद्धांतावर विश्वास असलेल्या २,१९० जणांनी आपला विश्वास आणि त्यामागचे पुरावे आपल्या शब्दांत लिहिले, आणि मग एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीशी त्यावर थोडा वेळ संवाद केला. सरासरी विश्वास वीस टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही उतरलेलाच राहिला. यंत्राने केलं ते इतकंच: त्या माणसाचा नेमका पुरावा वाचला, त्याच पुराव्याला धरून उत्तर दिलं, आवाज चढवला नाही आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा सांगितलं. हीच चिकाटी खोटं पटवण्यासाठीही जुंपता येईल, आणि ती जुंपणाऱ्यांकडे पैसा आणि वेळ दोन्ही आहे. हे काम घरातल्या माणसाने करायचं तर त्याला आधी समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, आणि ते ऐकायला बसलेली माणसं अमेरिकेतल्या घरांत, आपल्याही घरांत, कमी होत चालली आहेत.